आवक क्रमांक नसलेल्या भेटी

निवडणूक खर्चाच्या नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात. पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची आणि पिवळी बँकेच्या व्यवहारांची. काही वर्षांपूर्वी एका विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराची ही वही लिहायचं काम माझ्याकडे होतं. टेबलावर वहीशेजारी जिल्हा निवडणूक कार्यालयाचं दरपत्रक असायचं. चहाचा कप, वडापाव, प्लास्टिकची खुर्ची, उपरणं, मंडपाचा चौरस फूट, रिक्षावरचा भोंगा, सगळ्यांचे दर ठरवून दिलेले. रात्री दहानंतर कार्यकर्ते खिशातून चुरगळलेल्या पावत्या काढून द्यायचे, मी त्या सरळ करून नोंदी करायचो, आणि नेमून दिलेल्या तारखेला वही खर्च निरीक्षकांच्या पथकापुढे ठेवायचो. पथकाकडे त्यांचं स्वतःचं शॅडो रजिस्टर असतं, व्हिडिओ चित्रणावरून भरलेलं. एका सभेच्या नोंदीत मी दोनशे खुर्च्या लिहिल्या होत्या, त्यांच्या चित्रणात साडेतीनशे निघाल्या. दीडशे खुर्च्यांसाठी नोटीस आली, खुलासा दिला, फरकाची रक्कम वहीत चढवली.

त्याच कार्यालयाच्या आतल्या खोलीत आणखी एक वही होती. साधी, लांबट, लाल कापडी बांधणीची. तिच्यात गावांची नावं, बूथचे क्रमांक आणि पुढे आकडे. ती माझ्या टेबलावर कधी आली नाही. पण दार उघडझाप होताना जे कानावर पडायचं, त्यावरून एवढं नक्की कळत होतं, की माझ्या वहीतला एकूण खर्च त्या वहीतल्या एखाद्या दिवसात संपला असता. आणि दर दोन-तीन दिवसांनी एक गृहस्थ यायचे, रस्त्यांची कामं घेणारे कंत्राटदार. ते बाहेरच्या खोलीत कधी बसले नाहीत. प्रचाराच्या गाड्या त्यांच्या होत्या, डिझेल त्यांच्या पंपाच्या खात्यावर पडत होतं. देणगी हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. “त्यांचं आपल्याला बघावं लागेल,” एवढंच एक वाक्य मी ऐकलं, तेही उमेदवाराच्या तोंडून, अगदी साध्या सुरात.

निकालानंतर दीडेक वर्षानं तालुक्यातल्या एका रस्त्याच्या भूमिपूजनाच्या फलकावर मला त्यांचं नाव दिसलं. त्या कामाच्या निविदेत काही गैर झालं होतं का, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. कारण पहिला व्यवहार, म्हणजे गाड्या आणि डिझेल, कुठल्याच कागदावर नव्हता. ज्याची नोंद नाही त्याची परतफेड कोणी शोधायची, आणि कशी?

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपला निवडणूक कायदा खर्च मोजतो, उसनवारी मोजत नाही. खुर्च्या मोजणारी यंत्रणा आपण उभी केली, ती प्रामाणिकपणे राबतेही. पण निवडून आलेला माणूस पहिल्या दिवशी कुणाचा देणेकरी म्हणून विधानभवनाची पायरी चढतो, हे मतदाराला कळण्याची सोय आपल्याकडे नाही. राज्याचं राजकारण बिघडतं ते इथे.

आधी मर्यादेचा आकडा पाहू. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. लोकसभेला ९५ लाख. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि जागा २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३६ हजारांहून जास्त मतदार. ४० लाखांना त्यांनी भागलं तर माणशी १२ रुपयेही येत नाहीत. त्या १२ रुपयांत उमेदवाराने आपली ओळख करून द्यायची, पत्रक घरोघर पोचवायचं, सभा घ्यायच्या, गाड्या फिरवायच्या आणि बूथवर दिवसभर बसणाऱ्या माणसांना जेवू घालायचं. गंभीरपणे लढणाऱ्या कुठल्याही उमेदवाराला विचारा, तो एकांतात खरं सांगेल.

गोपीनाथ मुंडे यांनी ते उघडपणे सांगितलं होतं. २०१३ च्या जूनमध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात ते म्हणाले, की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला ८ कोटी रुपये खर्च झाला. तेव्हा मर्यादा होती २५ लाखांची. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, गदारोळ झाला, आणि पुढे काही झालं नाही. त्या वक्तव्याबद्दल त्यांच्यावर टीका करणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे लोक होते. मला मात्र आजही वाटतं, की महाराष्ट्रातल्या एका मोठ्या नेत्याने आपल्याला खरी परिस्थिती सांगितली, आणि आपण तिच्यावर बोलायचं सोडून सांगणाऱ्यावर बोलत बसलो. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, मर्यादा ७० लाख झाली, आणि निवडून आलेल्या खासदारांनी दाखवलेला सरासरी खर्च निघाला ४० लाखांच्या आसपास. मर्यादेच्या जेमतेम ५८ टक्के! मर्यादा वाढवली की कागदावरचा खर्च खरा होईल, हा युक्तिवाद त्या आकड्यांनी निकालात काढला आहे.

पक्षाच्या नावावर खर्च टाकण्याची पळवाट कशी रुंदावली, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या खर्चाच्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. त्याच सुमारास जयप्रकाश नारायण यांनी नेमलेली समिती निवडणूक सुधारणांवर काम करत होती, आणि तिचे अध्यक्ष होते आपल्या सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे. पक्षांचे हिशेब तपासले जावेत, देणग्या उघड व्हाव्यात, हे तेव्हापासून सांगितलं जातंय. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट थोडी अरुंद झाली. तरी स्टार प्रचारकांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही उमेदवाराच्या खात्यात पडत नाही, आणि पक्षाच्या खर्चाला कायद्यात कुठलीही मर्यादा नाही. एका बाजूला दीडशे खुर्च्यांची नोटीस, दुसऱ्या बाजूला हेलिकॉप्टरला मोकळं आकाश.

देणाऱ्यांच्या बाजूचा इतिहास तर मुंबईतच सुरू होतो. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्यापुढे आलं. तेव्हाच्या कायद्यात मनाई नव्हती, त्यामुळे परवानगी द्यावी लागली. पण निकालपत्रात छागलांनी आपली अस्वस्थता लपवली नाही. या देशातली लोकशाही अजून पाळण्यात आहे, आणि पैशाचा हा धोका वाढत जाऊन एक दिवस तिचा गळा घोटेल, असा इशारा त्यांनी दिला, आणि संसदेने यात लक्ष घालावं असं सुचवलं. संसदेने लक्ष घातलं, पण दिशा बदलत राहिली. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. बंदीने पैसा थांबला नाही, तो धनादेशातून सुटकेसमध्ये गेला. १९८५ मध्ये बंदी उठली, नफ्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा आली, २०१३ च्या कंपनी कायद्यात ती साडेसात टक्के झाली. २०१७ मध्ये ती काढूनच टाकली आणि २०१८ च्या जानेवारीत निवडणूक रोखे आले, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न होता पक्षाला देता येणारे कागद.

रोख्यांची बाजू मांडणारे एक कारण देत, ते मी हलकं मानत नाही. विरोधी पक्षाला पैसे दिले हे सत्ताधाऱ्यांना कळलं, तर उद्योजकाच्या मागे शुक्लकाष्ठ लागतं. ही भीती खरी आहे, गल्लीतल्या दुकानदारालाही ती असते. पण रोखे विकणारी बँक सरकारी होती आणि प्रत्येक रोख्यावर छुपा क्रमांक होता. म्हणजे ज्याच्यापासून भीती, त्याला माहिती मिळू शकणार, आणि अंधारात राहणार तो मत देणारा. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली, ती मतदाराच्या माहितीच्या हक्कावर बोट ठेवूनच. तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते.

मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या आणि आपल्याला पहिल्यांदा दोन कागद, रोख्यांचा आणि कंत्राटांचा, शेजारी ठेवता आले. सर्वाधिक रोखे घेणाऱ्यांत दुसऱ्या क्रमांकावर हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग होती, ९६६ कोटी. या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये १४० कोटींचे रोखे घेतले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं १४ हजार कोटींहून मोठं काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून तिच्याकडे आलं. एकाचा दुसऱ्याशी संबंध असल्याचं कुठल्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही, आणि मीही ते म्हणत नाही. माझा मुद्दा तारखांचा आहे. हा प्रश्न २०२३ च्या मे महिन्यात विचारला जायला हवा होता, पत्रकारांनी, विरोधकांनी, निविदा हरलेल्या कंपनीने. तो विचारता आला २०२४ च्या मार्चमध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर. शंका खरी असो वा खोटी, ती वेळेवर मांडता आली असती तर कंपनीलाही वेळेवर उत्तर देता आलं असतं.

रोखे गेले, उशीर तसाच राहिला. पक्षांनी २० हजारांवरच्या देणग्यांचा अहवाल वर्षातून एकदा द्यायचा असतो, आर्थिक वर्ष संपल्यावर. महाराष्ट्रात मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये कुणी मोठी देणगी दिली असेल, तर तिची नोंद असलेला अहवाल २०२५ च्या शरद ऋतूत आयोगाकडे जायचा. तोवर मंत्रिमंडळ बसलेलं, खाती वाटलेली, पहिला अर्थसंकल्प होऊन गेलेला. मत देताना जी माहिती हवी, ती मत देऊन वर्ष झाल्यावर मिळते. भाजी खाऊन झाल्यावर ती कशाची होती हे सांगण्याचा हा प्रकार आहे.

आता ज्याला आपण लॉबिंग म्हणतो, त्याकडे वळतो. या शब्दाला आपल्याकडे धड प्रतिशब्दही रुळला नाही. वजन, सेटिंग, जवळीक, अशा शब्दांवर आपण भागवतो. वास्तविक सरकारपुढे आपलं म्हणणं मांडणं यात काहीच वाईट नाही. अंगणवाडी सेविका मोर्चा काढतात, कांदा उत्पादक शिष्टमंडळ घेऊन जातात, गावकरी पुलासाठी निवेदन देतात. निवेदन देण्याची रीत बघा. दोन प्रती काढायच्या, एक आवक-जावक कक्षात द्यायची, दुसरीवर शिक्का मारून आवक क्रमांक घ्यायचा. गावाकडे हा शिक्का मारलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षं जपणारी माणसं मी पाहिली आहेत. एका आजोबांनी पाझर तलावाच्या मोबदल्यासाठी दिलेल्या निवेदनांची चळत मला दाखवली होती. घडीवर कागद फाटलेला, पण प्रत्येकावरचा आवक क्रमांक त्यांना तोंडपाठ होता.

ज्यांचं खरोखर ऐकलं जातं, त्यांच्याकडे असा एकही क्रमांक नसतो. मंत्र्यांच्या बंगल्यावर रात्री साडेदहाला झालेली भेट, विमानात शेजारच्या सीटवर झालेलं बोलणं, लग्नाच्या मांडवात पाच मिनिटं बाजूला घेऊन दिलेली चिठ्ठी, याची नोंद कुठेच होत नाही. उदाहरणार्थ चटई क्षेत्राचा, म्हणजे एखाद्या जमिनीवर किती बांधकाम करता येईल याचा नियम घ्या. विकास नियंत्रण नियमावलीत एखादा शब्द बदलला, तर जमिनीची किंमत एका रात्रीत दुप्पट होऊ शकते. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार असा फेरबदल करताना हरकती-सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी होते, कोण काय म्हणालं हे नोंदलं जातं. ही चांगली तरतूद आहे. पण मसुदा लिहिला जाण्याआधी तो शब्द कुणी सुचवला, हे त्या फाइलीत शोधूनही सापडत नाही. हरकत घेणाऱ्या सोसायटीचं नाव नोंदलेलं असतं, शब्द सुचवणाऱ्याचं नसतं.

दारूच्या परवान्यांचं, साखर कारखान्यांच्या थकहमीचं, खासगी विद्यापीठांच्या जमिनींचं धोरण याच वाटेने येतं. आपल्या राज्यात तर देणारा आणि घेणारा पुष्कळदा एकच असतो. कारखाना, शिक्षणसंस्था, बँक आणि आमदारकी एका वाड्यात नांदतात, मग लॉबिंगसाठी बाहेरून कुणी यायची गरजही उरत नाही.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये संसदेत मोठा गोंधळ झाला होता. वॉलमार्टने भारतीय बाजारपेठेत प्रवेशासह इतर विषयांवर अमेरिकेत लॉबिंगसाठी २००८ पासून अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचं उघड झालं. सरकारने न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची चौकशी समिती नेमली. पण हे उघड झालं ते आपल्यामुळे नव्हे. अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंग करणाऱ्यांना कुणासाठी, कोणत्या विषयावर, किती पैसे घेतले याचा अहवाल दाखल करावा लागतो, आणि त्या अहवालात ते लिहिलेलं होतं. अमेरिकेतल्या राजकारणात पैसा कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. तरी तिथला पत्रकार निदान एक कागद मागू शकतो. २०१३ मध्ये लोकसभेत कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंग उघड करण्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. ते तसंच पडून राहिलं.

मग करायचं काय? निवडणुकीचा सगळा खर्च सरकारने करावा, असं अनेकजण सुचवतात. १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीनेही काही प्रमाणात, वस्तुरूपाने तो करावा असं सुचवलं होतं. मला आज ते पटत नाही. आतल्या खोलीतली वही बंद झाल्याशिवाय सरकारी पैसा आला, तर तो बाहेरच्या वहीत जमा होईल आणि आतली वही चालूच राहील. ज्या पक्षांना केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्ये सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकाराखाली माहिती द्यायला बांधील संस्था ठरवलं आणि ज्यांनी ते आजवर मानलं नाही, त्यांच्या हाती करदात्याचा पैसा द्यायचा तो कशाच्या भरवशावर?

माझी मागणी याहून लहान आहे, आणि म्हणूनच ती टाळणं अवघड जावं. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत एक लाखावरची प्रत्येक देणगी, पक्षाची असो की उमेदवाराची, तीन दिवसांत संकेतस्थळावर आली पाहिजे. यूपीआयने भाजीवाल्याला दिलेले वीस रुपये त्याच क्षणी कळतात त्या देशात हे अशक्य नाही. दुसरं, सरकारचं कंत्राट ज्याच्याकडे चालू आहे, त्याला देणगी देता येऊ नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ अ प्रमाणे सरकारशी चालू कंत्राट असलेला माणूस निवडणूक लढवू शकत नाही. मग लढणाऱ्याला पोसणं त्याला कसं चालतं? सरकारी कंपन्यांना आणि तीन वर्षांपेक्षा कमी वयाच्या कंपन्यांना देणगी देण्याची मनाई कंपनी कायद्यात आहेच, तिच्यात कंत्राटदारांची भर घालायची आहे. अमेरिकेत केंद्राच्या कंत्राटदारांना केंद्रीय निवडणुकांत अशी बंदी आहे, न्यू जर्सी आणि कनेक्टिकटसारख्या राज्यांनीही आपापल्या कंत्राटदारांवर कडक बंधनं घातली आहेत. हे दोन्ही बदल संसदेने करायचे आहेत.

तिसरं मात्र महाराष्ट्र सरकार उद्या सकाळी करू शकतं. प्रत्येक मंत्री आणि सचिव धोरणाच्या विषयावर ज्यांना भेटतो, त्यांची नावं आणि विषय महिन्याच्या महिन्याला जाहीर करायचे. शासन निर्णय संकेतस्थळावर टाकायची पद्धत राज्याने केव्हाच पाडली आहे, त्याच्याच शेजारी ही यादी टाकायची. नोंद चुकवून भेटी होतील, मला मान्य आहे. पण आज नोंद नसणं हा गुन्हा नाही, उद्या तो निदान नियमभंग ठरेल, आणि फाइलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला नाही म्हणायला आधार मिळेल. असा आधार शोधणारे अधिकारी मंत्रालयात आहेत.

या विषयावर बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: मतदारच पाकीट घेतात, मग नेत्यांना काय बोलायचं. हे ऐकलं की मला त्रास होतो. मजुरीला जाणारी बाई मतदानाच्या आदल्या रात्री पाचशेच्या दोन नोटा घेते, त्या तिला पाच वर्षांत मिळालेल्या एकमेव थेट लाभासारख्या वाटतात. ते चूकच आहे. पण तिच्या नोटा आल्या कुठून, हे विचारायच्या आत आपण तिला बोल लावून मोकळे होतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ खेड शिवापूर टोलनाक्यावर एका गाडीत पाच कोटी रुपये सापडले. तेवढे पैसे कुणीतरी कुणाला तरी दिले असणार, आणि परत मिळण्याच्या खात्रीने दिले असणार.

शिवाय मतदार नेहमीच विकला जातो हे खोटं आहे. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना ११ वेळा विधानसभेत पाठवलं, एसटीने फिरणाऱ्या माणसाला. २००९ मध्ये हातकणंगल्यात राजू शेट्टींसाठी ऊस उत्पादकांनी मताबरोबर नोटही दिली होती. ज्याला हजारो लोक दहा-दहा रुपये देतात, त्यालाही कुणाचं तरी बघावं लागतंच, पण ते सगळ्यांचं बघणं असतं.

उमेदवारांचे दाखल झालेले हिशेब कुणालाही पाहता येतात. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ८८ मध्ये तशी सोय आहे, शुल्क एक रुपया. मी लिहिलेली वही दाखल झाल्यावर बऱ्याच महिन्यांनी मी कचेरीत जाऊन ती मागितली. पावतीपुस्तक शोधायला लिपिकाला अर्धा तास लागला. “हे पाहायला इथं कुणी येत नाही,” तो म्हणाला, आणि कपाटातून गठ्ठा काढून समोर ठेवला. माझंच अक्षर होतं. दीडशे खुर्च्या लाल शाईने वाढवलेल्या होत्या. शेवटच्या तक्त्यात पैसे कुठून आले याचे रकाने होते: स्वतःचे, पक्षाकडून, इतरांकडून. ‘इतरांकडून’ या रकान्यात मी त्या वेळी निरंक लिहिलं होतं, आणि खाली उमेदवाराची सही होती.